खांद्यात अडकलेले दुःख

मांडवीच्या काळ्या वाळूत संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची एक ठरलेली गर्दी असते. जेट्टीच्या टोकापर्यंत जाऊन परतणारे म्हातारे, भेळेच्या गाडीभोवती उभी असलेली पोरे, बुरखा जरासा सावरून पाण्याच्या कडेने चालणाऱ्या आपल्या आयाबहिणी. या गर्दीत आता आमची मोठी बहीण, आमची आपाही असते. यात सांगण्यासारखे काय, असे वाचकांना वाटेल. पण आपाच्या या चालण्यामागे एक हकीकत आहे. त्या हकीकतीत आमची स्वतःची एक चूकही आहे. ती कबूल करावी, म्हणून या महिन्याचे हे पान.

2021 च्या उन्हाळ्यात आमचे दुल्हाभाई कुवेतला कोरोनाने गेले. बावीस वर्षे तिथे नोकरी केलेला माणूस. इंतकालची बातमी फोनवर आली आणि दफन झाल्याची खबरही फोनवरच आली. मय्यत गावी आणण्याची काही सोय नव्हती. इथे घरच्या मर्दांनी गायबाना जनाज्याची नमाज अदा केली. आपाने नवऱ्याचा शेवटचा चेहरा पाहिला नाही, जनाजा अंगणातून निघताना पाहिला नाही. ती इद्दतीला बसली. चार महिने दहा दिवसांत तिच्या डोळ्यांतून पाणी आलेले आम्हाला आठवत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणत, "काय सब्र आहे माशाअल्लाह!" आम्हीही तेच म्हणत होतो. एकदा तिचे डोळे भरून आले, तेव्हा आम्हीच तिचा हात दाबून म्हणालो, "आपा, रडू नकोस. पोरं बघतायत." तिने डोळे पुसले. त्यानंतर ती रडलीच नाही.

इद्दत संपली आणि तिचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. दोरीवर कपडे वाळत घालता येईना, वेणी घालता येईना. नमाजला तकबीरसाठी हात खांद्यापर्यंत उचलतानाही तिचा चेहरा आंबट होई. एक्स-रे झाला, साखर तपासली, फिजिओथेरपी झाली. दुखणे बरेच कमी झाले, पण हात होता तिथेच राहिला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सांध्यात आता फारसं काही उरलेलं नाही. यांच्या मनावर काही ओझं आहे का, बघा."

आम्हाला राग आला. रत्नागिरी हे राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकाचे गाव. इथे लहानपणापासून त्या इमारतीचे नाव आम्ही चिडवायलाच वापरलेले. मनाचा इलाज म्हणजे वेडाचा इलाज, हे समीकरण आमच्याही डोक्यात पक्के होते. बीएडला मानसशास्त्राचा पेपर देऊन आलेल्या आमच्यासारख्या शिक्षिकेच्या डोक्यात ते असावे, याची आज लाज वाटते.

मग आपाची धाकटी लेक मुंब्र्याहून आली. ती समाजकार्य शिकलेली. तिने सुचवले, "अम्मीला मुंबईत डान्स थेरपीच्या वर्गाला नेऊ या. फक्त बायकांचा असतो." घरात क्षणभर कोणी बोलेना. मग सगळे एकदम बोलू लागले. बेवा बाई, पन्नाशी उलटलेली, ती आता नाचणार? मोहल्ल्यात काय तोंड दाखवायचे? सर्वांत मोठा आवाज आमचाच होता.

पोरगी चिडली नाही. एवढेच म्हणाली, "खाला, तू शाळेत मुलांना सांगतेस ना, आधी वाचा आणि मग मत द्या?"

तेव्हा वाचले. जे कळले ते थोडक्यात सांगतो.

नृत्योपचार, ज्याला इंग्रजीत डान्स मूव्हमेंट थेरपी म्हणतात, तो नाच शिकवण्याचा वर्ग नाही. त्यात स्टेज नाही, प्रेक्षक नाहीत, ठरलेल्या स्टेप्स नाहीत, कोणी चांगले-वाईट ठरवत नाही. माणसाच्या साध्या हालचालींतून, म्हणजे श्वास, चालणे, वाकणे, हात उचलणे यांतून मनात अडकलेले बाहेर यायला वाट करून द्यायची, एवढाच त्याचा हेतू. याची सुरुवात अमेरिकेत झाली असे मानतात. मॅरियन चेस नावाच्या नृत्यशिक्षिकेने 1942 मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात काम सुरू केले. दुसरे महायुद्ध चालू होते. आघाडीवरून परतलेल्या सैनिकांपैकी काही जण बोलणेच विसरले होते. चेसबाई त्यांना काही शिकवत नसत. रुग्ण जी हालचाल करी, तीच त्या त्याच्यासमोर हळूच करीत. तो डोलला तर त्या डोलत, त्याने मूठ आवळली तर त्याही आवळत. 'तुझे मला कळते आहे' हे शब्दांविना सांगण्याची ती रीत होती. पुढे 1966 मध्ये तिथे या उपचारकांची संघटना उभी राहिली आणि चेसबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

आपल्या देशात त्रिपुरा कश्यप यांनी हे काम रुजवले. कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती या समाजशास्त्र शिकलेल्या नर्तिकेने देहविक्रीच्या बाजारातून सोडवून आणलेल्या मुलींबरोबर काम केले आणि 2004 मध्ये 'कोलकाता संवेद' ही संस्था काढली. ज्या मुलींना स्वतःच्याच शरीराची शिसारी वाटत होती, त्यांना ते शरीर पुन्हा आपले वाटावे, हे त्या कामाचे उद्दिष्ट. त्या मुलींपैकी काही पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या. याच संस्थेच्या सोबतीने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने नृत्योपचाराचा पदविका अभ्यासक्रम चालवला. म्हणजे हा विषय विद्यापीठाच्या दारातून आत आलेला आहे, सिनेमाच्या दारातून नाही. हे वाचल्यावर आमचा आवाज थोडा खाली आला.

तरी एक प्रश्न राहिलाच होता. आम्ही मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग मौलानांकडे गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि उलट चारच प्रश्न विचारले. मर्द असतात का? अंग झाकलेले असते का? गाणी कसली असतात? आणि हे मजेसाठी आहे की इलाजासाठी? उत्तरे ऐकून म्हणाले, "नावाला घाबरू नका, आत काय होतं ते बघा. आजारावर इलाज करणं हीदेखील शिकवण आहेच. तुम्ही सोबत जा. काही वावगं वाटलं तर उठून या." इतर घरांत, इतर उलेमांचे मत वेगळे असू शकते. ज्याने त्याने आपल्या जाणत्यांना विचारावे. आम्ही इथे फतवा देत नाही, आमच्या घरात काय घडले तेवढे सांगतो.

तर आम्ही कोकण रेल्वेने मुंबईला गेलो. एका सभागृहाची वरची खोली. पडदे ओढलेले, मोबाईल दाराशीच टोपलीत ठेवलेले. दहा-बारा बायका, वेगवेगळ्या धर्मांच्या, वेगवेगळ्या वयांच्या. शिकवणाऱ्या बाई साध्या सलवार-कमीजमध्ये. पहिली दहा मिनिटे नुसते अनवाणी उभे राहून श्वास घ्यायचा. मग चालायचे. हळू, भरभर, पुन्हा हळू. "अंगात कुठे अडतंय तेवढं बघा, सुधारू नका," असे बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात एक लहान डफली होती. गाणे नव्हते.

नंतर जोड्या करून 'आरसा' खेळायचा होता. एकीने हालचाल करायची, समोरचीने आरशासारखी तीच करायची. हीच ती चेसबाईंची जुनी रीत. आपासमोर कॉलेजातली एक मुलगी आली. तिने हात सावकाश वर उचलला. आपाचा हात छातीपर्यंत गेला आणि थांबला. मुलगीही तिथेच थांबली. तिने 'अजून वर करा' म्हटले नाही. आपाबरोबर तिने आपला हात खाली आणला. असे तीन-चार वेळा झाले. मग आपाची पाळी आली आणि ती मुलगी आपाचा आरसा झाली. आपाने डाव्या हाताने उजवा खांदा धरला. मुलीनेही धरला. दोघी तशाच एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. आपाचे ओठ थरथरू लागले. आमच्या लक्षात आले की आपले दुखणे समोरच्या माणसात जसेच्या तसे दिसणे, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होते. आम्ही सगळ्यांनी तिला नेहमी 'बरी हो' म्हटले होते. तिच्याबरोबर कोणी थांबले नव्हते.

शेवटी बाई म्हणाल्या, "हातात काहीतरी आहे असं समजा. जे असेल ते. जिथे ठेवावंसं वाटेल तिथे ठेवा."

कोणी ओंजळ उघडली, कोणी काहीतरी छातीशी धरले. आपा जमिनीवर गुडघ्यांवर बसली. उजव्या हाताची मूठ भरल्यासारखी करून तिने ती समोर रिकामी केली. पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली. तिसऱ्यांदाही तसेच केले. आम्हाला कळायला क्षणभर वेळ लागला. आपल्याकडे कबरीत तीन मुठी माती देतात. आपाने माती दिली होती. दोन वर्षे उशिरा, कुवेतच्या कबरस्तानापासून हजारो किलोमीटरवर, मुंबईच्या एका खोलीत.

मग ती रडली. आम्हीही रडलो, आणि या वेळी तिचा हात दाबला नाही.

परतताना गाडीत ती म्हणाली, "मी त्यांचा चेहरा पाहिला नाही." हे वाक्य आम्ही तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

आपा त्या दिवशी बरी झाली असे मात्र कोणी समजू नये. ती त्या वर्गाला आणखी काही वेळा गेली, फिजिओथेरपीही पुन्हा नेटाने केली. काही महिन्यांनी एका सकाळी ती दोरीवर चादर टाकताना दिसली, डाव्या हाताचा आधार घेऊन का होईना. किती श्रेय व्यायामाचे, किती वर्गाचे आणि किती काळाचे, हे आम्ही सांगू शकत नाही. शास्त्रज्ञही या बाबतीत जपून बोलतात. 2015 मध्ये नैराश्यावरील नृत्योपचाराचा एक नामांकित आढावा प्रसिद्ध झाला. त्याला निकषांत बसणारे अभ्यास तीनच मिळाले. त्यांत एकूण 147 माणसे होती. एवढ्यावरून ठाम काही म्हणता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे 2019 मध्ये 41 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा चिंता आणि उदासी कमी होण्याच्या बाजूने कौल बराच आशादायक निघाला. म्हणजे हा जादूचा ताईत नाही, आणि थोतांडही नाही. औषध आणि समुपदेशन यांच्या जोडीला उभा राहणारा हा एक मदतनीस आहे.

घरात म्हातारे माणूस असणाऱ्यांसाठी आपल्याच महाराष्ट्रातले आणखी एक उदाहरण सांगतो. पार्किन्सन म्हणजे कंपवात. या आजारात हात थरथरतात, अंग ताठरते, चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. त्याहून वाईट म्हणजे लोक बघतील या शरमेने माणूस घराबाहेर पडत नाही. अमेरिकेत ब्रुकलिनला 2001 मध्ये एका नृत्यसंस्थेने अशा रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' या आधारगटातील रुग्णांसाठी असेच काम उभे केले. मेंदूकडून पायाला जाणारा हुकूम अडखळतो, तेव्हा बाहेरून मिळालेला ताल पायाला आधार देतो. टाळी, ठेका किंवा जमिनीवरची रेघसुद्धा थांबलेले पाऊल पुढे टाकायला मदत करते, हे डॉक्टरही सांगतात. आजार त्याने जात नाही. पण थरथरणाऱ्या हातांच्या माणसांमध्ये आपला हात थरथरला, तर त्याची शरम वाटत नाही. ही गोष्ट औषधाच्या गोळीत मिळत नाही.

या सगळ्यानंतर आम्ही सूरह यूसुफ पुन्हा वाचली. हजरत याकूब (अलै.) यांनी मुलाच्या वियोगाचे दुःख आतल्या आत गिळले आणि त्यांचे डोळे पांढरे पडले, असे तिथे सांगितले आहे. आयुष्यभर वाचलेली ही गोष्ट, पण दुःख शरीरात उतरते हे त्यात लिहिलेले आहे, हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. त्यांनी आपले गाऱ्हाणे अल्लाहपुढे मांडले, म्हणून त्यांचा सब्र कमी ठरला नाही. आमचे प्यारे नबी (स.) यांचे डोळेही लहानग्या इब्राहीमच्या वफातीच्या वेळी वाहिले होते. सब्र म्हणजे अश्रू कोंडणे, हा अर्थ आपण लावला. तो दीनने दिलेला नाही.

बुखारी आणि मुस्लिममधली ईदच्या दिवशीची हदीसही अनेकांना ठाऊक असेल. हबशी लोक मस्जिदीत ढाल-भाल्यांचा खेळ करीत होते. हजरत आयेशा (रजि.) यांना तो बघायचा होता. नबी (स.) त्यांना आडोसा देऊन उभे राहिले आणि त्यांचे मन भरेपर्यंत उभेच राहिले. या हदीसवरून नाच जायज की नाजायज ही चर्चा आलिमांनी करावी. आम्ही आमच्यापुरता त्यातून एकच धडा घेतला. आपल्या माणसाचे मन भरेपर्यंत त्याच्यासोबत उभे राहायचे. आपाच्या बाबतीत आम्ही नेमके तेच केले नव्हते.

आता घरात काय करता येईल? आमच्या रत्नागिरीत असा वर्ग आम्हाला तरी सापडला नाही, आणि सर्वांना मुंबई-पुणे परवडत नाही. पण काही गोष्टींना पैसे लागत नाहीत. घरातले कोणी फार दिवस गप्प असेल, तर 'काय झालं?' ऐवजी 'अंगात कुठे जड वाटतं?' असे विचारून बघा. ज्याला मनाचे सांगता येत नाही, त्याला खांद्याचे, छातीचे, पोटाचे सांगता येते. रडणाऱ्याला थांबवू नका. त्याला घेऊन चाला, आणि त्याच्याच चालीने चाला. आम्ही आणि आपा आता मांडवीला तेच करतो. ती थांबली की थांबायचे, ती निघाली की निघायचे. ओल्या वाळूत अनवाणी, लाटेच्या ठेक्यावर. पहिल्या आठवड्यात ती जेट्टीपर्यंतही येत नव्हती.

शाळेतही आम्ही एक छोटा बदल केला. परीक्षेच्या दिवसांत पहिल्या तासाची पाच मिनिटे मुले उभी राहून हातपाय झटकतात, खोल श्वास घेतात आणि मग जोडीने आरसा खेळतात. गेल्या वर्षी वडील गेलेला एक मुलगा त्या खेळात पहिल्यांदा हसला. मुख्याध्यापकांनी विचारले, हे कुठल्या विषयात बसते? आम्ही म्हणालो, सगळ्याच.

खबरदारीचेही दोन शब्द. चालणे आणि श्वास ठीक आहे, पण ज्याच्यावर अत्याचार झालेला आहे किंवा मोठा आघात झाला आहे, त्याच्या बाबतीत यूट्यूब पाहून घरगुती प्रयोग करू नका. दाबलेले एकदम वर आले, तर ते सावरायला शिकलेला माणूस लागतो. वर्ग शोधताना शिक्षण कुठे झाले हे विचारा, बायकांची वेगळी सोय आहे का ते विचारा, फोटो-व्हिडिओ काढतात का ते विचारा. आणि 'खात्रीने बरे करतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. हृदयाचा किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चालू औषधे स्वतःहून बंद करू नका. आणि मन फारच खचले असेल, जगणे नको वाटत असेल, तर 14416 या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. फोन मोफत आहे आणि मराठी-उर्दूतही बोलता येते. त्या फोनला वेड्याचा फोन म्हणू नका. आम्ही तशीच चूक केली होती आणि तिची किंमत आपाच्या खांद्याने मोजली.

परवा मगरिबच्या आधी आम्ही दोघी वाळूत बसलो होतो. सूर्य पाण्याला टेकला होता. आपाने दुआसाठी हात उचलले. डावा नेहमीसारखा, उजवा किंचित खाली, पण दोन्ही तळवे आभाळाकडे. दुआ संपल्यावर तिने ते चेहऱ्यावरून फिरवले आणि म्हणाली, "चल, अजान होईल."

अल्लाह आपल्या सगळ्यांच्या घरातली अशी अडकलेली दुःखे मोकळी करो. आमीन.